मदत हवी आहे : लिलावातली 'इंडियन' बीएसए एम२०, बोली लावू की नको?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा सांगलीचा, गेली नऊ वर्षं कोव्हेंट्रीत. येत्या शनिवारी इथून तासाभरावर जुन्या मोटरसायकलींचा लिलाव आहे आणि त्यातल्या एका बीएसए एम२० वर जीव अडकलाय. लिलावात आजवर एकच वस्तू घेतली आहे : गणपती मंडळाचा नारळ, ५०१ रुपयांना. तो अनुभव इथे कामी येईल असं वाटत नाही, म्हणून हा धागा.

आधी एम२० च का, ते सांगतो. माझे आजोबा ऑइल इंजिनांचे फिटर होते. मिरज-तासगाव पट्ट्यात विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की शेतकरी सायकलवरून निरोप धाडायचा आणि आजोबा मोटरसायकलवरून निघायचे. ती गाडी त्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्कराच्या जादा मालाच्या विक्रीत, घेतली होती. लष्कराची एम२०. पुढे गर्डर फोर्क, मागे शॉकॲब्सॉर्बरच्या नावाने शून्य, फक्त सीटखाली दोन स्प्रिंगा. मी जन्मायच्या आधीच ती विकली गेली. माझ्याकडे आहे तो एक फोटो, त्यात आजोबांपेक्षा गाडी जास्त स्पष्ट आलीय.

आता लिलावातली गाडी. कॅटलॉगात अंदाज २,५०० ते ३,५०० पौंड. वर्णनाचा सारांश असा : १९४१ ची लष्करी एम२०, भारतातून परत आणलेली, जुनी डागडुजी, इंजिन फिरतंय पण चालू करून पाहिलेलं नाही, चालवण्याआधी काम करावं लागेल. आयातीची नोंद झाल्याचा 'नोव्हा' कागद आहे, क्लबचं वयाचं प्रमाणपत्र आहे, व्ही५सी नाही. म्हणजे आरसी बुक नाही, असं समजा.

इथल्या कामावरच्या दोन-तीन जाणत्या लोकांना विचारलं. 'भारतातून' हा शब्द ऐकला की त्यांची तोंडं वाकडी. एकाने तर सरळ सांगितलं, 'इंडियन बिट्सा' असणार, हात लावू नकोस. दहा गाड्यांचे तुकडे जोडून उभी केलेली गाडी, असा त्याचा अर्थ. सगळं ऐकून घेतलं. थोडा रागही आला, का ते नीट सांगता येणार नाही.

प्रश्न :
हा भारताचा शिक्का खरंच इतका वाईट आहे का? असेल तर त्यापायी किती रक्कम कमी धरायची?
पाहणीच्या दिवशी (शुक्रवारी) काय तपासू? गाडी चालू करून दाखवत नाहीत.
बोलीची मर्यादा कशी ठरवायची? माझ्याकडे सगळं मिळून साडेतीन हजार आहेत. घरी तीन सांगितलेत.

कांदेपोहे :
घरी तीन सांगितलेत तर तीनच आहेत. पुढचा.

बुलेटवाला_सातारा :
भाऊ, आमच्याकडे वाड्याच्या मागे मॅचलेस जी३एल पडून होती, ३५० वाली. चुलत्यांनी भंगारात घातली, किलोवर. तुमचं वाचून पोटात गोळा आला. मदत काही नाही, घ्या एवढंच म्हणतो.

मॅग्नेटो (लेस्टर) :
मी इथे तीस वर्षं आहे, पाच ब्रिटिश गाड्या बाळगून आहे आणि लिलावात दोनदा सपाटून मार खाल्लाय. थोडं सविस्तर लिहितो.

आधी शिक्क्याचं. युद्धात बीएसएने एम२० सव्वा लाखाच्या वर बनवल्या. त्यांतल्या कितीतरी हिंदुस्थानात आल्या आणि तिथेच राहिल्या. बर्मिंगहॅममध्ये लोक पुढच्या मॉडेलांकडे वळले तेव्हा आपल्याकडे त्या दूध, टपाल आणि फिटर वाहत होत्या. पुढे इथे जुन्या गाड्यांना भाव आला, तशा दिल्ली-मुंबईतून कंटेनर भरभरून त्या परत यायला लागल्या. त्यांत बऱ्याच गाड्या फोटोत झकास आणि हात लावला की रडू यावं अशा. टाकीचा पत्रा नवा ठोकलेला, मडगार्डवर बोटभर पुट्टी, बुलेटचे स्विच, मिककार्बचा कार्बोरेटर, मॅग्नेटोच्या (प्लगला ठिणगी देणारा भाग) आत काहीच नाही. नाव बदनाम झालं ते या मालामुळे आणि ती बदनामी खोटी नाही.

पण म्हणून भारतातून आलेली प्रत्येक गाडी तशीच, हेही खरं नाही. वर्णनात 'जुनी डागडुजी' लिहिलंय, 'संपूर्ण नूतनीकरण' नाही, ही मला चांगली खूण वाटते. चकचकीत असती तर मी दूर राहा म्हटलं असतं.

किमतीचं गणित मी उलटं करतो. लिलावाचा अंदाज बघायचाच नाही. चालू, कागदपत्रं नीट असलेली लष्करी एम२० मी आज किती द्यायला तयार आहे? माझ्या मते पाच हजार. भारताचा शिक्का, ५०० वजा, कारण उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा हीच वाकडी तोंडं तुमच्यासमोर उभी राहणार. मॅग्डायनो (मॅग्नेटो आणि डायनॅमो एकत्र) नव्याने भरून घ्यायला ४००, टायर-ट्यूब २००, इंजिनात काय निघेल त्यासाठी ५००. व्हॅनचं भाडं १००. उरले ३,३००. हे तुमच्या खिशातून जायचे एकूण पैसे. बोली मात्र इतकी नाही! हातोडा पडतो त्या रकमेवर लिलाववाल्यांचं कमिशन असतं. ते १५ टक्के असेल तर त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट, म्हणजे एकूण १८ टक्के. म्हणून ३,३०० ला १.१८ ने भागा. २,८०० च्या आसपास येतं. हा आकडा तळहातावर लिहा. खरंच लिहा, मी लिहितो. कमिशनचा दर त्यांच्या अटींमध्ये बघून घ्या, घराघराप्रमाणे बदलतो. ऑनलाइन बोली लावलीत तर वर आणखी काही टक्के जातात, तेव्हा जाऊन बसा. शिवाय लॉटच्या नंबरापुढे बारीक चिन्ह आहे का बघा. बाहेरून तात्पुरत्या आणलेल्या गाड्यांना हातोड्याच्या किमतीवर ५ टक्के आयात व्हॅट लागतो आणि ते त्या चिन्हात दडलेलं असतं. तुमच्या गाडीचा नोव्हा झालाय, म्हणजे बहुधा ते भरून झालंय. तरी विचारा.

पाहणीला लोहचुंबक आणि टॉर्च न्या. चुंबक टाकीवर आणि मडगार्डवर फिरवा, जिथे धरत नाही तिथे पुट्टी. इंजिन नंबर क्रँककेसवर सिलिंडरच्या पायाशी, चेसिस नंबर हेडस्टॉकवर, म्हणजे हँडल बसतं त्या भागावर. दोन्हींचे फोटो काढून इथे टाका.

जुना_पाना (पुणे) :
मॅग्नेटोकाकांशी सहमत, पण आमच्या मिस्त्री लोकांच्या वतीने दोन शब्द. वडिलांचं नाना पेठेत गॅरेज होतं, मी तिथेच वाढलो. साठ-सत्तरच्या दशकात बीएसएचा सुटा भाग मागवायचा कुठून? आयात बंद. बूश झिजला की गनमेटलचा तुकडा लेथवर चढवायचा. बेअरिंगचं घर सैल झालं की आत डॉट पंचाने टिकल्या मारायच्या आणि बेअरिंग ठोकून बसवायचं. पिस्टन मिळत नाही? दुसऱ्या कुठल्या तरी इंजिनाचा आणून सिलिंडरला स्लीव्ह घालायची. याला इथे कोणी फसवणूक म्हणत नव्हतं, उद्या सकाळी गिऱ्हाइकाला कामावर जायचं असायचं.

तगवलेली गाडी वेगळी आणि नटवलेली वेगळी. तगवलेल्या गाडीचं प्रत्येक पाप दिसतं : वेल्डिंगचा ओघळ, वेगळ्याच आट्यांचा बोल्ट, झिजलेला ब्रेक पेडल. नटवलेल्या गाडीत पापं रंगाखाली असतात. तगवलेली असेल तर डोळे उघडे ठेवून घे. नटवलेली असेल तर फुकट दिली तरी सोड.

पंच मारलेले आहेत का ते इंजिन उघडल्याशिवाय कळणार नाही. पण क्रँककेसच्या पोटाखाली हात घाल, वेल्डिंग केलेलं असेल तर बोटाला कळतं. आणि किक हळू दाब. डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर) न ओढता. पाय अडला पाहिजे. लोण्यात पाय गेल्यासारखं झालं तर बोअर, रिंगा, व्हॉल्व्ह यातलं काहीतरी गेलंय.

खरंतर :
विरोधी सूर लावतो. लिलावात घ्यायचंच कशाला? इथे 'बघून घेतलं ते तुमचं' असा कारभार असतो, परत करायची सोय जवळजवळ नाही. व्हिंटेज मोटर सायकल क्लबचं सभासद व्हा, १९४६ पासूनचा क्लब आहे, बर्टनला त्यांचं ग्रंथालय आहे. कुठल्या तरी म्हाताऱ्या सभासदाकडून चालू गाडी घ्या, तो वर चहा पाजेल आणि सुट्या भागांचा एक खोका फुकट देईल. किंमत पाच जाईल, पण पुढच्याच रविवारी चालवाल. लिलावातली गाडी दोन वर्षं गॅरेजमध्ये उभी राहते, हा नियम आहे.

धागाकर्ता :
@खरंतर, तुमचं पटतंय आणि तरीही पटत नाहीये. पाच हजार माझ्याकडे नाहीत हे एक. दुसरं म्हणजे आज पाहणीला जाऊन आलो आणि आता मी निष्पक्ष राहिलेलो नाही.

मोठं शेड, दोन रांगांत गाड्या. सुरुवातीला एक ब्लॅक शॅडो व्हिन्सेंट दोरीच्या आत, भोवती दहा माणसं, देवळात असल्यासारखी हळू बोलणारी. मग बॉनव्हिल, कमांडो, एक गोल्ड स्टार. आमची एम२० मागच्या दाराशी, एका मोपेडच्या शेजारी. तिच्यापाशी कोणी नव्हतं, त्यामुळे अर्धा तास निवांत मिळाला.

चुंबक : टाकी धरते, पुढचं मडगार्ड धरतं, मागच्याचा वीतभर भाग नाही. रंग ऑलिव्ह, ब्रशने मारलेला, त्याखाली काळा, त्याखाली आणखी एक हिरवा. फोर्कच्या बूशांना चांगलाच खेळ आहे. किक दाबली, पाय अडला. छान अडला. क्रँककेसखाली वेल्डिंग लागलं नाही, नुसतं तेल.

हेडलाइटच्या काचेवर वरच्या अर्ध्या भागात काळ्या रंगाचे पोपडे आहेत. ती आपल्याकडची अर्धी काळी काच! ते बघून मी एकटाच हसलो.

आणि आता मुख्य किस्सा. टूलबॉक्सचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला शेंदराचं स्वस्तिक. कोण्या फिटरने खंडेनवमीला पाना-पक्कडांची पूजा केली असणार, त्या खाली 'श्री' पण आहे, अर्धवट पुसलेला. एवढ्यात मागून एक ब्रिटिश आजोबा आले, वाकून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, ही बहुतेक जर्मनांच्या हाती लागली होती. मी त्यांना दसरा समजावून सांगितला. पाच मिनिटं लागली. ते म्हणाले, मग हे कॅटलॉगात का नाही लिहिलं? तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं तर तो कानकोंडा होऊन म्हणाला, आम्ही ते झाकण मुद्दाम बंद ठेवलं होतं.

नंबर : चेसिस डब्ल्यूएम२० आणि पुढे आकडे, इंजिनही डब्ल्यूएम२०, पण आकडे वेगळे. जुळत नाहीत! इथेच घोडं अडलं का? फोटो टाकलेत.

मॅग्नेटो (लेस्टर) :
फोटो मोठे करून पाहिले. मला तर बरं वाटलं. 'डब्ल्यूएम२०' ही युद्धकाळातली खूण, दोन्हीकडे तीच आहे. युद्धानंतरच्या नागरी गाड्यांना एक्सएम, वायएम, झेडएम अशी अक्षरं यायची, तसं काही नाही. आकडे जुळत नाहीत याचं कारण साधं आहे : लष्कराच्या वर्कशॉपात इंजिनं काढून रांगेत ठेवायचे, दुरुस्त करायचे आणि हाताला येईल ते पुढच्या चेसिसवर चढवायचे. त्या गाडीवर कोणी 'मूळ जोडी' म्हणून हळहळत बसलं नाही. उलट भारतातून आलेल्या लष्करी गाडीचे नंबर तंतोतंत जुळले असते तर मी जास्त घाबरलो असतो.

ठशांचा भाग महत्त्वाचा. तुमच्या फोटोत चेसिसवरचे आकडे थोडे वाकडेतिकडे, पण सगळे एकाच पंचसंचाचे, आणि भोवतालचा धातू घासलेला नाही. नंतर ठोकलेल्या नंबरांना खाली ग्राइंडरच्या रेघा असतात, आकडे उथळ, कडा मऊ. तसं निघालं तर डीव्हीएलए (इथलं आरटीओ) क्यू नंबर देतं, म्हणजे 'ओळख संशयास्पद' असा शिक्का, आणि गाडीची किंमत तिथेच संपते. इथे तसं दिसत नाही. प्रमाणपत्र नीट असेल तर नोंदणीचा व्ही५५/५ फॉर्म भरून वयाला साजेसा नंबर मिळायला हवा. ४० वर्षांच्या वरची, म्हणून रस्ता कर शून्य आणि एमओटीतून (दरवर्षीची गाडीची तपासणी) सूट.

एक लक्षात घ्या, एम२० खोटी बनवण्यात कोणाला रस नसतो, त्यात पैसाच नाही. खोटं होतं ते बीएसएच्याच महागड्या गोल्ड स्टारचं. त्यांच्याच साध्या बी३१ मॉडेलच्या चेसिसमध्ये गोल्ड स्टारचं इंजिन बसवून तिप्पट भाव मागतात. ओळखायला सोपं आहे : खऱ्या गोल्ड स्टारच्या चेसिसचा उजवा खालचा पाइप ऑइल पंपाला जागा देण्यासाठी वाकवलेला असतो, बी३१ चा सरळ. उद्या त्या रांगेत उभे राहाल तेव्हा करमणूक म्हणून बघा.

बुलेटवाला_सातारा :
गंजलेल्या गाडीला कोण पैसे देतो असं आमचे चुलते म्हणायचे.

मॅग्नेटो (लेस्टर) :
त्यांना सांगा : २०१६ साली स्टॅफर्डच्या लिलावात कॉर्नवॉलच्या बॉडमिन मूरमधल्या गोठ्यांतून निघालेल्या ब्रफ सुपिरियर गाड्या विकल्या गेल्या. पन्नासेक वर्षं पडून, काही तर सुट्या तुकड्यांत. त्यातली १९३८ ची चार सिलिंडरची बीएस४ गेली ३,३१,९०० पौंडांना. तिथे गंजाचेच पैसे मिळाले, कारण त्या गंजाला कोणी हात लावलेला नव्हता. मॅचलेस जी३एल ला अर्थात एवढे नसते मिळाले. पण किलोवर नको होती जायला.

कांदेपोहे :
काय झालं? शनिवार उलटला. नारळ कितीला गेला?

धागाकर्ता :
गाडी गॅरेजमध्ये आहे. २,७०० ला पडली!

आकडा तळहातावर लिहिला होता, काका. घामाने पुसट झाला, पण होता. सकाळपासून बसलो. व्हिन्सेंटच्या वेळी हॉल भरलेला, आमचा लॉट यायला दुपारचे तीन वाजले, तोवर निम्मे लोक चहाला. लिलाव पुकारणाऱ्याने 'भारतातून परत आलेली' म्हटलं आणि माझ्या पुढच्या दोन रांगा अक्षरशः कॅटलॉग चाळायला लागल्या. दोन हजारापासून सुरुवात. मी आणि इंटरनेटवरचा कोणी एक, दोघंच. तो २,६०० म्हणाला, मी २,७००. मग जी शांतता झाली ती बहुतेक सात-आठ सेकंदांची असेल. माझ्या डोक्यात तेवढ्यात २,८०० च्या पुढे जायची सगळी कारणं तयार झाली होती, आजोबांसकट. वेळ आली नाही.

हिशेब : २,७०० अधिक कमिशन ४०५ अधिक त्यावर व्हॅट ८१, एकूण ३,१८६. व्हॅन ९० ला मिळाली. घरी तीन सांगितले होते, ते २७६ कुठून आले हे अजून विचारलेलं नाही कोणी.

तो ब्रिटिश आजोबा शेवटी भेटायला आला. झाकण तसंच ठेव म्हणाला.

आता पुढचा प्रश्न. तेल बदललं, टाकी धुतली, प्लग नवा. पन्नास किका मारल्या, एक फुसकासुद्धा नाही. प्लग काढून सिलिंडरला टेकवून पाहिला, ठिणगी नाही. मॅग्डायनो खोलून आर्मेचर बाहेर काढून बघावं म्हणतोय. मागची प्लेट सोडवली की सरळ बाहेर येतं ना?

जुना_पाना (पुणे) :
थांब! अजिबात ओढू नकोस. आधी पॉइंट साफ कर, कागदाने पुसून बघ, निम्म्या वेळा तेवढंच असतं. तरीही ठिणगी नाही आली आणि आर्मेचर काढायचंच असेल तर आधी प्लगच्या वायरीचा पिकअप काढ, मग बॉडीवर एक स्क्रू आहे, आत टोकदार, सेफ्टी गॅपचा, तो काढ, आणि अर्थचा ब्रशही काढ. हे तिन्ही आत शिल्लक असताना आर्मेचर ओढलंस तर स्लिप रिंगचा तुकडा पडतो. वडिलांच्या हातून एकदा पडला होता, दोन दिवस जेवले नाहीत. स्क्रू सापडला की फोटो टाक, मगच पुढे जा.